बेस किती आणि कुठे? : प्रस्तावना

शंभर ढोल एका तालात वाजले, तर एका ढोलाच्या मानाने आवाजाची पातळी वीस डेसिबलने चढते. बेसच्या सोळा पेट्या एकीला एक चिकटवून ट्रॉलीवर रचल्या आणि सगळ्यांना एकच सिग्नल दिला, तर एका पेटीच्या मानाने पातळी चोवीस डेसिबलने चढते. शंभर जणांच्या पथकाने हात भरून येईपर्यंत वाजवून जी वाढ मिळते, तिच्याहून जास्त वाढ सोळा पेट्या नुसत्या शेजारी ठेवल्याने मिळते. हा हिशेब ज्याला उमगला, त्याला गेल्या वीस-पंचवीस वर्षांत आपल्या मिरवणुकांचे, वरातींचे आणि जाहीर कार्यक्रमांचे काय झाले हे बऱ्यापैकी उमगले असे मी मानतो.

पथकातले वादक कितीही तयारीचे असले, तरी प्रत्येकाचे टिपरू पानावर काही मिलिसेकंद पुढेमागे पडते. दोन ढोलांची ओढ कधी तंतोतंत सारखी नसते, वादक उभेही लांबलांब असतात. त्यामुळे एकाच्या आवाजाचा दाब दुसऱ्याच्या दाबात कधी मिळतो, कधी त्याला खातो. सरासरीने फक्त ऊर्जेची बेरीज होते, आणि वादक दुप्पट झाले की पातळी तीन डेसिबलने वाढते. पेट्यांचे तसे नाही. एकच सिग्नल, एकाच क्षणी, स्पीकरच्या सारख्याच पडद्यांना मिळतो. सगळे पडदे एकदम पुढे येतात, एकदम मागे जातात. तिथे दाबाचीच बेरीज होते आणि पेट्या दुप्पट झाल्या की पातळी सहा डेसिबलने वाढते. त्यातले तीन डेसिबल दुप्पट वीज खर्चल्याचे असतात. उरलेले तीन शेजाराचे. अट एवढीच की पेट्या एकमेकींच्या पुरेशा जवळ हव्यात.

खालच्या सुरांच्या बाबतीत आपला कानही वेगळा वागतो. १००० हर्ट्झच्या सुराला आवाज दुप्पट झाल्यासारखा वाटायला दहा डेसिबल चढवावे लागतात. ५० हर्ट्झला सहा-सात डेसिबलमध्ये तेच काम होते. म्हणून एका पेटीशेजारी दुसरी ठेवली की ऐकणाऱ्याला बेस जवळजवळ दुप्पट वाटतो. उलट बाजूनेही हे तितकेच खरे आहे. सहा डेसिबल उतरवले, की मांडवामागच्या घरात झोपलेल्या म्हाताऱ्या माणसाच्या छातीवरचा भार जवळजवळ निम्मा होतो.

ही पुस्तिका पेट्या जवळ ठेवण्याच्या त्या एका अटीविषयी आहे. ती मी मांडववाल्यांसाठी, साउंडवाल्यांसाठी आणि मंडळाच्या कार्यकर्त्यांसाठी लिहिली. आवाज मोजायला मीटर घेऊन येणाऱ्या पोलीस कर्मचाऱ्यानेही ती वाचावी अशी माझी मनापासून इच्छा आहे.

उदाहरणांसाठी गुरसराय निवडले. हा कसबा झाशी जिल्ह्यातल्या गरौठा तहसिलीतला. पेशवाईच्या काळात दक्षिणेतून बुंदेलखंडात गेलेल्या मराठी घराण्याची इथे जहागीर होती. झाशी, जालौन, सागर या नावांइतके नसले तरी गुरसराय हे नाव मराठी इतिहासाला परके नाही. पण निवडीचे कारण इतिहासापेक्षा साधे आहे. कोल्हापूर-सांगलीतल्या डॉल्बीचे किंवा पुण्याच्या विसर्जन मिरवणुकीचे उदाहरण घेतले, की वाचक लगेच बाजू घेतो आणि मूळ मुद्दा राहून जातो. गुरसरायची वरात घेतली, की आपण शांतपणे तिच्याकडे पाहू शकतो. तीच अठरा इंची स्पीकरची पेटी, तोच जनरेटर, तीच पिकअप किंवा ट्रॉली, आणि घासाघीसही तीच : ‘चार बेस, चार टॉप, किती घेणार?’

शिवाय हा प्रदेश खालच्या सुराचा जाणकार आहे. झाशीला लागूनच असलेल्या दतियाच्या दरबारात कुदऊसिंह होऊन गेले. पखवाजाचे एक थोर घराणे त्यांच्या नावाने चालते. दुसरे घराणे नाना पानशांचे. ते मूळचे वाईजवळच्या बावधनचे, नाव झाले इंदूरच्या होळकर दरबारात. पखवाजी कार्यक्रमाआधी डाव्या पुडीवर भिजवलेल्या कणकेचा लेप बसवतो, बोटाने थोडी काढतो, पुन्हा थोडी लावतो. पुडी जड झाली की ती सावकाश कंप पावते आणि सूर खाली उतरतो. त्या लेपात चिमूटभर कमी-जास्त झाले तरी त्याला चालत नाही. खालचा सूर जागच्या जागी बसवायची ही शिस्त आपल्याकडे यंत्रे यायच्या कितीतरी आधीपासून आहे. पेट्यांची मांडणी करणाऱ्यानेही तेवढाच कान लावावा, यात मला काही जगावेगळे वाटत नाही.

आता मूळ विषयाकडे.

साधारण हवामानात आवाज सेकंदाला सुमारे ३४५ मीटर जातो. म्हणून १०० हर्ट्झच्या सुराची एक लाट अकरा फूट लांब असते, ५० हर्ट्झची तेवीस फूट, ४० हर्ट्झची अठ्ठावीस. तिच्यापुढे अठरा इंची पडदा म्हणजे काहीच नाही. तळहाताने तळ्याचे पाणी ढकलावे तसे होते : पाणी पुढे जायच्या ऐवजी बोटांच्या बाजूने निसटते. एकटा पडदा हलतो खूप, पण हवा कडेने सटकते आणि विजेचा फार थोडा भाग आवाज होऊन बाहेर पडतो. बाकीची वीज स्पीकरची कॉइल तापवण्यात जाते. शेजारी दुसरा पडदा त्याच क्षणी पुढे आला, तर निसटायला जागा कमी होते. दोघांनाही हवेचा जास्त भार मिळतो आणि तेवढ्याच हालचालीत जास्त काम होते. वर शेजाराचे म्हटलेले तीन डेसिबल इथून येतात.

जवळ म्हणजे किती जवळ? दोन पेट्यांच्या मध्यांतले अंतर त्या सुराच्या अर्ध्या लाटेपेक्षा कमी हवे, पाव लाटेएवढे असेल तर उत्तम. बेसच्या पेट्या बहुतेक ठिकाणी ८० ते १०० हर्ट्झपर्यंत चालवतात. त्या वरच्या टोकाची अर्धी लाट साडेपाच ते सात फूट भरते. म्हणजे पेट्या एकमेकींना खेटून असल्या तर प्रश्नच नाही, आणि मधे दोन फूट फट राहिली तरी फार बिघडत नाही. चाळीस फूट लांब ठेवल्या की मात्र त्या एकत्र काम करत नाहीत. दोन वेगळे उगम होतात आणि एकमेकांशी भांडतात.

आपल्याकडे बहुतेक कार्यक्रमांत हीच चाळीस फुटांची मांडणी दिसते, आणि या पुस्तिकेचा सर्वात मोठा भाग तिच्यावर खर्च झाला आहे. स्टेजच्या डाव्या अंगाला दोन बेस, उजव्या अंगाला दोन बेस, त्यांच्यावर टॉप, म्हणजे वरच्या सुरांच्या पेट्या. दिसायला भारदस्त. गुरसरायच्या एखाद्या मैदानात अशी मांडणी केली आणि स्टेजपासून पासष्ट फुटांवर प्रेक्षकांची एक ओळ धरली, तर काय होते ते पाहा. ओळीच्या बरोबर मध्यावर उभे राहिले की दोन्हीकडचा आवाज एकाच वेळी पोहोचतो आणि बेस छातीत घुसतो. मध्यापासून साधारण साडेबारा फूट बाजूला सरका : आता एका बाजूचा आवाज दुसऱ्यापेक्षा सात फूट जास्त चालून येतो, म्हणजे ८० हर्ट्झची बरोबर अर्धी लाट. एकीकडून दाब येतो तेव्हा दुसरीकडून ओढ येते आणि ८० हर्ट्झ जवळजवळ नाहीसा होतो. सतरा फुटांवर ६० हर्ट्झ जातो. सव्वीस फुटांवर ४० हर्ट्झ जातो. ओळीत बसलेल्या प्रत्येकाला वेगळा बेस मिळतो. ढोलकीची थाप एकाला भरीव लागते, त्याच्यापासून दहा फुटांवरच्या माणसाला पत्र्यासारखी.

हे कागदावरचे गणित आहे असे कुणी म्हणू नये. आपल्या मांडवात मधोमध काय असते? स्टेजकडे जाणारी मोकळी वाट. एका अंगाला बाया बसतात, दुसऱ्या अंगाला पुरुष. सगळ्यात दमदार बेस पडतो तो या रिकाम्या वाटेवर. त्या वाटेच्या टोकाला, प्रेक्षकांच्या मागे, बरोबर मध्यावर मिक्सर लावलेला असतो. ऑपरेटरला बेस भरपूर ऐकू येतो. मग बाजूला बसलेला कार्यक्रमाचा यजमान उठून येतो आणि म्हणतो, ‘बेस कमी पडतोय.’ त्याचेही खरे असते. ऑपरेटर बेस चढवतो. बाजूच्याला फारसा फरक पडत नाही, कारण तिथे दोन आवाज एकमेकांना खातच राहतात. मधल्या वाटेच्या काठावरची पोरे कानात बोटे घालतात. यजमान पुन्हा येतो. पुढच्या वर्षी चार बेसचे आठ होतात.

हेच चारही बेस स्टेजच्या पुढे मधोमध जमिनीवर एका रांगेत खेटून ठेवा. सुरांची भांडणे संपतात. चारही पेट्या एक होऊन वाजतात, जमिनीचाही आधार मिळतो आणि ओळीच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत बेस बऱ्यापैकी सारखा राहतो. मैदान फारच रुंद असेल तर रांगेतल्या कडेच्या पेट्यांना थोडा डिले (उशीर) देऊन बेस दोन्ही अंगांना पसरवता येतो; त्याची रीत पुढे सविस्तर दिली आहे. या मांडणीला विरोध होतो तो आवाजावरून नाही. फोटोत स्टेजसमोर काळे डबे येतात, नेत्याला किंवा नवरदेवाला हार घालायला पुढून जाता येत नाही, असे म्हणतात. स्टेज चार फूट उंच असेल तर पेट्या त्याच्या पोटाखाली पुढच्या काठाला लावाव्यात. लाकडी फळ्या थरथरणार नाहीत याची मात्र काळजी घ्यावी लागते, आणि स्टेजवरच्या माइकांत बेस शिरून घुमतो आहे का हेही पाहावे लागते.

जवळ ठेवूनही बेस उमटत नाही, असे कधी कधी होते. त्यातले पहिले कारण इतके क्षुल्लक असते की ते शोधायचे सुचत नाही : एका पेटीची वायर उलटी लागलेली असते. धन टोकाला ऋण, ऋणाला धन. मग एक पडदा पुढे येताना शेजारचा मागे जातो आणि दोन्ही पेट्या मिळून एका पेटीपेक्षाही कमी वाजतात. पेट्या जितक्या जवळ तितके हे नुकसान मोठे. तपासणी मिनिटाची आहे. अँप्लिफायरपासून पेटी सोडवा आणि साधा दीड व्होल्टचा सेल तिच्या टोकांना क्षणभर लावा. सेलचे धन टोक पेटीच्या धनाला लागले की पडदा बाहेर यायला हवा. जाळीतून टॉर्च मारून पाहा. हालचाल बारीक असते पण दिसते. सगळ्या पेट्या एकाच दिशेने उसळल्या पाहिजेत. एखादी आत गेली, तर तिची सोल्डरिंग किंवा केबल उलटी आहे. भाड्याने आणलेल्या प्रत्येक पेटीची ही तपासणी मी सक्तीची मानतो.

दुसरे कारण पेट्यांच्या जातीचे. स्कूप नावाची पेटी आपल्याकडे फार चालते. तिच्यात पडद्यामागचा आवाज आतल्या घडीदार वाटेने फिरून तोंडातून बाहेर पडतो. अशा एकट्या पेटीचे तोंड खालच्या सुरासाठी लहान पडते. चार पेट्या रचल्या की चारही तोंडे मिळून एक मोठे तोंड होते आणि एकटीला न झेपणारा सूर निघतो. स्कूप रचून वाजवायची प्रथा उगाच पडलेली नाही. घोटाळा होतो तो दोन स्कूप आणि दोन साध्या पेट्या शेजारी लावल्या की. स्कूपमधली वाट सुमारे दोन मीटरची धरली, तर तिचा आवाज जवळपास सहा मिलिसेकंद उशिरा निघतो. ८० हर्ट्झच्या सुराला अर्धे आवर्तन पुरे करायला सव्वासहा मिलिसेकंद लागतात. म्हणजे खालच्या सुरांत हा उशीर मोठा ठरतो, आणि दोन जाती काही सुरांवर एकमेकींना मारतात. साध्या पेटीला योग्य डिले देऊन, गरज पडल्यास तिची वायरही उलटून, समेट करता येतो. ज्याच्याकडे डिले देणारे यंत्र नाही, त्याने एका रांगेत एकाच जातीच्या पेट्या लावाव्यात, दुसरा उपाय नाही.

इथपर्यंत बेस कसा मिळवायचा ते झाले. त्याहून महत्त्वाचे, तो नको तिथे जाऊ न देणे.

खालचा सूर हवेत फारसा विरत नाही. टॉपमधला कर्कश आवाज दोन शेते ओलांडेपर्यंत क्षीण होतो. बेस मात्र फक्त पसरल्याने कमी होतो. मोकळ्या जागेत अंतर दुप्पट झाले की सहा डेसिबल, तेवढेच. घराची खिडकी बंद केली की गाण्याचे शब्द थांबतात आणि धडधड आत येते. बुंदेलखंडात लग्नाचा हंगाम हिवाळ्यातही असतो. थंडीच्या निरभ्र रात्री जमिनीलगतची हवा गार आणि वरची उबदार होते. आवाज उबदार थरातून वाकून पुन्हा जमिनीकडे येतो, आणि गुरसरायची वरात पलीकडच्या गावात ऐकू जाते. त्या गावातल्या माणसाला गाणे कोणते ते कळत नाही, फक्त धक्के कळतात.

या धडधडीला आपला कायदा जवळजवळ ओळखत नाही. मला वाटते हा मुद्दा या क्षेत्रात सर्वात कमी बोलला गेलेला आहे, म्हणून इथे थोडा थांबतो. ध्वनिप्रदूषण (नियमन व नियंत्रण) नियम २००० साली आले. निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल, शांतता क्षेत्रात ५० आणि ४०, रात्र म्हणजे दहा ते सहा. १८ जुलै २००५ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने ध्वनिप्रदूषणाबाबत सविस्तर आदेश दिले. हे आकडे पुष्कळांना पाठ आहेत. पण ते ‘ए’ मापाने मोजलेले डेसिबल आहेत. फ्लेचर आणि मन्सन या संशोधकांनी १९३३ मध्ये कानाची संवेदनशीलता मोजली. हळू आवाज ऐकताना खालचे सूर कानाला कमी लागतात, हे त्यातून आकड्यांत दिसले. ‘ए’ माप त्या हळू आवाजांच्या वक्रावरून घेतले आहे. त्यामुळे मीटर खालच्या सुरांतून मोठी वजावट करतो : १०० हर्ट्झला एकोणीस डेसिबल, ६३ हर्ट्झला सव्वीस, ५० हर्ट्झला तीस. पेट्यांसमोर ५० हर्ट्झचा ११० डेसिबलचा ठोका पडत असेल, तर ‘ए’ मापावर त्याचे वजन फक्त ८० उरते. आणि मोठ्या आवाजात कान खालचे सूर अजिबात एवढे कमी ऐकत नाही. ‘सी’ नावाचे दुसरे माप तोच ठोका १०८-१०९ दाखवेल.

परिणाम काय होतो ते मैदानात दिसते. मीटर आल्यावर ऑपरेटर टॉप उतरवतो, आकडा खाली येतो, बेस जिथल्या तिथे राहतो. कर्मचारी प्रामाणिक, मीटर बरोबर, आणि मागच्या आळीत भांडी वाजतच असतात. फ्रान्सने २०१७ मध्ये कार्यक्रमांसाठी दोन्ही मापांच्या मर्यादा घातल्या : पंधरा मिनिटांच्या सरासरीत ‘ए’ मापाने १०२ आणि ‘सी’ मापाने ११८. त्या मर्यादा प्रेक्षकांच्या जागी मोजायच्या आहेत, शेजारच्या घरात नव्हे, आणि आपल्या दाट वस्तीला त्या तशाच लागू करा असे मी म्हणणार नाही. पण बेस वेगळा मोजायला हवा हे तत्त्व आपल्याकडे यायलाच हवे.

तोवर आपल्याकडे एक टोक किंवा दुसरे टोक चालू राहते. २०१८ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने विसर्जन मिरवणुकीतल्या डीजेला तात्पुरती मोकळीक द्यायला नकार दिला. २०१९ मध्ये अलाहाबाद उच्च न्यायालयाने उत्तर प्रदेशात डीजेला परवानगीच देऊ नये असा आदेश काढला आणि २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो रद्द केला. २०२४ मध्ये पुण्याच्या ढोल-ताशा पथकांवर राष्ट्रीय हरित लवादाने तीस वादकांची मर्यादा घातली, तिलाही सर्वोच्च न्यायालयाने स्थगिती दिली. सुरुवातीच्या हिशेबाने पाहिले, तर साठ वादकांचे तीस केल्याने फक्त तीन डेसिबल कमी होतात. रचलेल्या पेट्या निम्म्या केल्या तर सहा. कुठे कात्री लावली की किती फळ मिळते, हे ठरवताना असा हिशेब कुणीतरी समोर ठेवायला हवा होता.

साउंडवाल्याच्या हातात मात्र कायद्याची वाट न पाहता करण्याजोगी एक गोष्ट आहे. तीन पेट्या एकावर एक रचा. दोघींची तोंडे प्रेक्षकांकडे आणि मधलीचे मागे. मधलीची पोलॅरिटी (धन-ऋण टोके) उलटी करा आणि पुढच्या पेट्यांचा आवाज वळून मागे पोहोचायला जेवढा वेळ लागतो तेवढा डिले तिला द्या. एक मीटर अंतराला साधारण तीन मिलिसेकंद. मागच्या बाजूला तिन्हींचे आवाज एकमेकांना खातात, पुढे बरेचसे मिळतात. म्हणजे मघाशी ज्या भांडणाने प्रेक्षकांचा बेस खाल्ला, तेच भांडण इथे शेजाऱ्यांच्या बाजूने लढते. नीट जमले तर मागचा बेस दहा-पंधरा डेसिबलने उतरतो. पुढे थोडी घट सोसावी लागते, कारण तिसरी पेटी पूर्ण ताकदीने पुढे वाजत नाही. व्यवसाय करणाऱ्याला हे पटवणे अवघड जाते : पैसे दिले तीन पेट्यांचे आणि एक उलटी तोंड करून का? पण स्टेजमागे दवाखाना असेल, प्रसूतिगृह असेल, नुसती घरे असतील, तर ती उलटी पेटी त्या रात्रीची सर्वात कामाची पेटी असते. स्टेजवरच्या गायकालाही तिचा फायदा होतो, कारण त्याच्या पाठीत आणि माइकात घुमणारा बेस कमी होतो.

हे अरुंद गल्लीत जमत नाही, हेही सांगायला हवे. दोन्ही बाजूंना उंच भिंती असल्या की मागे मारलेला आवाज पुढच्या भिंतीवरून परतून येतो. पुण्याच्या लक्ष्मी रस्त्यावर किंवा गुरसरायच्या जुन्या बाजारात ट्रॉलीवर कितीही हुशारीने पेट्या लावल्या तरी बेसला दिशा देता येत नाही. तिथे उपाय एकच, पेट्या कमी आणि आवाज कमी. चालत्या ट्रॉलीवर उंच भिंत रचणे तर विजेच्या तारांमुळेही जिवावर बेतते.

उन्हाळ्याबद्दल थोडेसे. झाशीकडे मे महिन्यात पारा पंचेचाळीसला जातो, जानेवारीच्या रात्री दहापर्यंत उतरतो. आवाजाचा वेग पहिल्या वेळी सेकंदाला ३५८ मीटर, दुसऱ्या वेळी ३३७. एकमेकींना खेटलेल्या पेट्यांना याने काही फरक पडत नाही, आणि जवळ ठेवण्याचा हा एक न सांगितला जाणारा फायदा आहे. पण लांबच्या मांडवात दोनशे फुटांवर आणखी पेट्या लावल्या असतील, तर त्यांचा डिले मेमध्ये १७० मिलिसेकंद हवा आणि जानेवारीत १८०. एकदा भरलेला आकडा वर्षभर तसाच ठेवू नये.

पुस्तिकेत गणित आहे, पण बेरीज-वजाबाकी आणि भागाकाराच्या पुढचे नाही. प्रत्येक मांडणीचे चित्र फुटांत दिले आहे, कारण मैदानात दोरी आणि पावले असतात, मीटरपट्टी क्वचित. कोणत्याही कंपनीच्या पेटीची शिफारस केलेली नाही. ज्याच्याकडे जुन्या, स्थानिक सुताराने बनवलेल्या पेट्या आहेत, त्याचेही यात पूर्ण काम होईल. भौतिकशास्त्र नवे-जुने पाहत नाही. एक आग्रह मात्र सगळीकडे दिसेल. मांडणी झाल्यावर एकच तालाचा तुकडा लावून संपूर्ण मैदान पायी फिरावे, कडेच्या शेवटच्या खुर्चीपर्यंत, आणि मग मांडवाबाहेर पडून मागच्या आळीतही. मिक्सरपाशी उभे राहून केलेला बेस हा फक्त मिक्सरपाशी उभ्या असलेल्या माणसाचा बेस असतो.

साउंडवाल्यांना माझी विनंती आहे. पुढच्या सुपारीला दोन अंगांना वाटलेले बेस मधोमध एकत्र आणा, वायरी तपासा, मैदान फिरा. बेस पूर्वीपेक्षा जास्त झालेला आढळेल. तेव्हा तो तसाच ठेवून मिरवू नका. मास्टर तेवढा खाली घ्या आणि पुढच्या वेळी दोन पेट्या घरी ठेवून या. डिझेल वाचेल, हमाली वाचेल, तुमचे स्वतःचे कान वाचतील. आणि मंडळांच्या, लग्नघरांच्या कारभाऱ्यांना सांगणे असे की बोलणी करताना ‘किती बेस आणणार?’ असे विचारू नका. ‘बेस कुठे ठेवणार?’ असे विचारा, आणि ज्याला त्याचे उत्तर देता येते त्यालाच काम द्या.